ग्रीन कार्ड, अकरा महिने आणि आईचा खुबा: परत येताना कोणती कागदपत्रं जवळ ठेवावीत?

सांगलीची_लेक

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहते. आई-बाबांना २०२१ मध्ये ग्रीन कार्ड मिळालं. तेव्हापासून ते वर्षातले सात-आठ महिने आमच्याकडे आणि उरलेले गावी, असं चाललं होतं. मागच्या १० डिसेंबरला मावसभावाच्या लग्नासाठी दोघं सांगलीला गेले. परतीचं तिकीट मार्चचं होतं. जानेवारीत आई मोरीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मग जखम चिघळली आणि पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागलं. तिकीट दोनदा पुढं ढकललं. आता आई काठी घेऊन चालते. १२ नोव्हेंबरचं मुंबईहून तिकीट काढलंय. म्हणजे वर्ष व्हायला अठ्ठावीस दिवस कमी.

दोघांची कार्डं २०३१ पर्यंतची आहेत. तीन महिन्यांसाठीच चालले होते, त्यामुळं री-एंट्री परमिट (जास्त दिवस बाहेर राहून परत येण्यासाठी आधीच घ्यायची परवानगी) वगैरे काही केलं नव्हतं. आता शेजारी सांगतात, विमानतळावर कार्ड काढून घेतात, कसल्याशा कागदावर सही करायला लावतात. बाबांना इंग्रजी समजतं, पण पटकन बोलायला जमत नाही. आईला तर रात्रीची झोप नाही.

माझे प्रश्न दोन. एक, मुंबईत विमानात चढताना अडवतील का? दोन, इकडं उतरल्यावर दाखवायला त्यांच्या फाइलीत काय काय ठेवू? ज्यांच्या घरचं कुणी असं लांबल्यावर परत आलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

गारवा

कार्ड २०३१ पर्यंतचं आहे ना? मग कसली काळजी? माझे सासरे सहा वर्षं असंच करतात. दहा-साडेदहा महिने पुण्यात, मग इकडं येऊन महिना-दीड महिना राहून परत. वर्षाच्या आत एकदा पाय लावला की झालं.

मुसाफिर७१

वर्षाच्या आत येताहेत, त्यामुळे विमानात चढायला अडचण येऊ नये. कार्ड आणि भारतीय पासपोर्ट दोन्ही हातात ठेवा, चेक-इनच्या सामानात टाकू नका. हे सांगावं लागतं कारण माझ्या काकूंनी कार्ड 'जपून' बॅगेच्या तळाशी, साडीच्या घडीत ठेवलं होतं. काउंटरवर बॅग उघडून अख्खा संसार बाहेर काढावा लागला होता.

फॉर्मवाली

मी वकील नाही. इमिग्रेशनच्या वकिलांकडे नऊ वर्षं फॉर्म भरते आहे, तेवढ्या अनुभवावर लिहिते.

गारवा, तुमचं म्हणणं खोडून काढणं भाग आहे, कारण 'वर्षातून एकदा पाय लावा' या एका समजापायी अनेक आजी-आजोबा अडचणीत येतात. कार्डावरची तारीख ही प्लास्टिकच्या तुकड्याची मुदत. कायमचा रहिवासी हा दर्जा त्याहून वेगळा. अमेरिका हे तुमचं घर आहे आणि बाहेर जाणं तात्पुरतं आहे, एवढ्यावर तो टिकतो. दरवर्षी दहा महिने बाहेर आणि दोन महिने आत असेल, तर अधिकारी विचारणारच की यातलं घर कुठलं आणि पाहुणचार कुठला. सहा वर्षं कुणी विचारलं नाही, म्हणून सातव्या वर्षी विचारणार नाहीत असं नसतं.

लेक, आता तुमच्याबद्दल. तीन टप्पे लक्षात ठेवा.

१८० दिवसांच्या आत परतलं तर सहसा फार विचारत नाहीत. १८० दिवस ओलांडले की कायद्याच्या नजरेत तो माणूस नुसता परत येत नसतो, नव्यानं प्रवेश मागत असतो. म्हणजे अधिकाऱ्याला जास्त प्रश्न विचारायला वाव मिळतो. तुमचे आई-बाबा या टप्प्यात आहेत. एक वर्ष पूर्ण झालं की नुसतं कार्ड प्रवासाचा कागद म्हणून चालत नाही. मग री-एंट्री परमिट लागतं, किंवा वकिलातीतून एसबी-१ नावाचा परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा. म्हणून १२ नोव्हेंबरचं तिकीट काही झालं तरी पुढं ढकलू नका. हाताशी अठ्ठावीसच दिवस आहेत, धुकं, ताप, संप यातलं काहीही ते खाऊन टाकू शकतं. जमलं तर आणखी आठवडाभर अलीकडे आणा.

फाइलीचं उद्या लिहिते, आत्ता ऑफिसला निघाले.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, घाबरू नका, पण त्या सहीचं मात्र नीट समजून घ्या. माझ्या बाबांसोबत झालं आहे म्हणून सांगतो.

आमचे बाबा अकोल्याचे, वय चौऱ्याहत्तर. आठ महिन्यांनी एकटे परत येत होते. त्यांना आतल्या खोलीत बसवलं. दोन तास. एवढ्या लांबचा प्रवास, शुगरचा त्रास, पोटात काही नाही. मग एक कागद समोर ठेवला आणि म्हणाले, इथं सही करा, म्हणजे व्हिजिटर म्हणून आत जाल, पुढचं सोपं होईल. बाबांना वाटलं आत सोडायचाच कागद असंल. पेन हातात घेतलं होतं त्यांनी! मग काय मनात आलं कोणास ठाऊक, म्हणाले, "माझ्या मुलाला विचारल्याशिवाय मी सही करत नाही." शेतीचे व्यवहार केलेला माणूस आहे, न वाचता अंगठा देऊ नये हे हाडात मुरलेलं. आणखी तासभर बसवलं आणि सोडलं.

मी बाहेर उभा होतो. व्हीलचेअरवर बाहेर आले तेव्हा पहिलं वाक्य हे की, "बबन, मी काही सही केली नाही." आजही आठवलं की गळा दाटून येतो.

तो कागद आय-४०७.

फॉर्मवाली

ठेचा, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी केलं तेच बरोबर.

आय-४०७ म्हणजे 'मी माझा कायम रहिवासाचा दर्जा आपणहून सोडतो' असं लिहून देणं. आपणहून हा त्यातला कळीचा शब्द. कुणालाही ती सही करायची सक्ती नाही. सही नाकारली तर अधिकारी काय करू शकतो? प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे पाठवू शकतो. तशी नोटीस देतो, कार्ड ठेवून घेऊ शकतो, पण मग दर्जा दाखवणारा दुसरा पुरावा, बहुधा पासपोर्टवर शिक्का, त्यानं द्यायला हवा. न्यायाधीशाचा अंतिम निकाल येईपर्यंत माणूस कायम रहिवासीच असतो. आणि दर्जा सोडला आहे हे सिद्ध करायचं ओझं सरकारवर असतं, आजोबांवर नाही. थोडक्या काळासाठी बाहेर जाऊन आलेल्या रहिवाशाला न्याय्य सुनावणीचा हक्क आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच सांगून ठेवलंय.

एक अडचण मात्र खरी. त्या आतल्या खोलीत वकील सोबत नेता येत नाही. त्यामुळे हे सगळं आई-बाबांना घरूनच समजावून पाठवावं लागतं. बाबांना एकच वाक्य पाठ करायला लावा: "मला न्यायाधीशांसमोर सुनावणी हवी आहे." आणि इंग्रजी जमत नसेल तर दुभाषी मागायला सांगा. फोनवर जोडून देतात. मराठीचा नाही मिळाला तर हिंदीचा मिळतो.

आता फाइल. दोन कप्पे करा.

पहिल्या कप्प्यात 'का थांबलो': डिस्चार्ज कार्ड दोन्ही वेळचं, ऑपरेशनची तारीख, एक्स-रेचा रिपोर्ट, फिजिओथेरपीच्या पावत्या आणि सर्जनचं लेटरहेडवरचं इंग्रजी पत्र. पत्रात 'लांबच्या विमानप्रवासाला अमुक तारखेपर्यंत परवानगी नव्हती' हे वाक्य हवं. शिवाय मार्चचं मूळ परतीचं तिकीट आणि ते बदलल्याच्या ईमेल. हा सगळ्यात बोलका पुरावा, कारण जातानाच परत यायचं ठरलं होतं हे त्यावरून दिसतं.

दुसऱ्या कप्प्यात 'घर कुठं आहे': इथले टॅक्स रिटर्न, बँकेचं स्टेटमेंट, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी, आरोग्य विम्याचा कागद, तुमच्या पत्त्यावर त्यांच्या नावानं आलेली पत्रं. तुमच्याकडे राहतात असं तुमचं पत्रही.

सगळं एका पारदर्शक फोल्डरमध्ये, वर तारखांचा एक पानी तक्ता. अधिकाऱ्याकडे दोन मिनिटं असतात. चाळीस पानांचं बाड दिलं तर तो उघडणारही नाही. विचारल्याशिवाय फाइल पुढं करायची नाही, हेही सांगा.

निशिगंध

फॉर्मवाली, तुमची पोस्ट प्रिंट करून फ्रिजवर लावली आहे.

आमचा अनुभव कोविडचा. आई फेब्रुवारी २०२० मध्ये नाशिकला गेली, दोन महिन्यांसाठी. मार्चमध्ये विमानं बंद झाली. मग वडिलांचं दुखणं निघालं आणि वर्ष कधी उलटलं ते कळलंच नाही. मग एसबी-१ शिवाय मार्ग उरला नाही. डीएस-११७ फॉर्म, १८० डॉलर फी, मुलाखत. तिथं विचारलेला प्रश्न मला अजून पाठ आहे: "वंदे भारतची विमानं चालू होती, त्यातून का आला नाहीत?" आईनं शांतपणे सांगितलं, "नवऱ्याला ऑक्सिजन लावला होता, त्याला सोडून कशी येऊ?" आणि हॉस्पिटलचे कागद पुढं केले.

मिळाला व्हिसा. पण त्यानंतर पुन्हा वैद्यकीय तपासणी आणि नव्यानं इमिग्रंट व्हिसाचे सोपस्कार, जणू पहिल्यांदाच निघालोय. आपल्या हाताबाहेरच्या कारणानं थांबावं लागलं, हे दाखवता आलं तरच एसबी-१ मिळतो. नुसतं 'मन रमलं म्हणून राहिलो' चालत नाही. लेक, तुमचं वर्ष व्हायचंय, ही फार मोठी जमेची बाजू आहे.

रत्नांग्रीकर

कागदांची फाइल झाली, आता पिशवीचं बघू या. कारण आतून सुटलेली माणसं पुढं कस्टममध्ये अडकतात, आणि त्याला कारण आपलं प्रेम!

ताजा कढीपत्ता अजिबात नाही. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर रोग पसरवणारी कीड त्यावरून जाते, म्हणून बंदी. तांदूळ नाही. आपल्याकडच्या खपरा किडीच्या धास्तीनं सामानातून तांदूळ न्यायला मनाई आहे, मग तो इंद्रायणी असो की आंबेमोहोर. हापूस बॅगेतून नाही. अमेरिकेत येणारा हापूस आधी विकिरण करून, तपासून, व्यापारी मालातून येतो. २००७ साली लासलगावच्या केंद्रातून सुरुवात झाली त्याची. घरच्या पेटीला ती सोय नाही.

मसाले, लोणची, चिवडा, लाडू चालतात. आणि माझ्या जातभाईंसाठी खास: सुकट, सोडे, बोंबीलही चालतात! मासळीला मनाई नाही. फक्त विचारलं की खाण्याचं सामान आहे असं हो म्हणून सांगायचं. सांगून टाकलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड.

पाटलीण

बोंबील चालतात?! दहा वर्षं मी उगाच जीव मारला.

मुसाफिर७१

पाटलीणबाई, शेजारच्या सीटवरच्या माणसाच्या जिवाचाही विचार करा. तीन पिशव्यांत बांधा.

रोख रकमेचंही लिहितो. १०,००० डॉलरपेक्षा जास्त नेताना जाहीर करावं लागतं. आणायला बंदी नाही, न सांगायला आहे. आणि नवरा-बायको एकत्र असतील तर दोघांचे मिळून मोजतात.

चाफेकळी

थोडं अवांतर, पण कागदपत्रांचंच. माझं लग्नावरून मिळालेलं दोन वर्षांचं कार्ड होतं. ते कायमचं करायचा अर्ज, आय-७५१, भरला, कार्डाची मुदत संपली, हातात मुदतवाढीची पावती. ती जुन्या कार्डासोबत ४८ महिने चालते. परत येताना मुंबईत काउंटरवरच्या मुलीनं असा कागद कधी पाहिलाच नव्हता. "मॅडम, कार्ड तर एक्स्पायर आहे." पाऊण तास गेला. शेवटी त्यांच्या वरिष्ठांनी फोन करून खात्री केली आणि मी पळत पळत गेट गाठलं.

पावती मूळ ठेवा, झेरॉक्स नको. त्यावरचं मुदतवाढीचं वाक्य हायलाइट करा. आणि विमानतळावर चार तास आधी पोचा. दहा वर्षांचं कार्ड नवं करून घ्यायचा अर्ज, आय-९०, भरला असेल तर त्याच्या पावतीनं ३६ महिने वाढतात, सप्टेंबर २०२४ पासून.

डोंबिवली_फास्ट_लोकल

आणि कार्डच हरवलं तर? भाऊजींचं पाकीट दादरला गर्दीत गेलं. परतीला नऊ दिवस.

फॉर्मवाली

आय-१३१ए. नावात 'ए' आहे, री-एंट्री परमिटच्या साध्या आय-१३१ शी गल्लत करू नका. फी ऑनलाइन भरायची, मग मुंबईच्या वकिलातीत, म्हणजे बीकेसीला, वेळ घेऊन स्वतः जायचं. पोलिसांत केलेल्या तक्रारीची प्रत, पासपोर्ट, कार्डाची झेरॉक्स असली तर उत्तम. ते पासपोर्टमध्ये विमानात चढण्यापुरता एक कागद चिकटवतात. बाहेर राहून वर्ष झालेलं नसलं पाहिजे. नऊ दिवस कमी आहेत, तिकीट पुढं न्यायची तयारी ठेवा.

सगळ्यांनाच: कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो आजच्या आज काढून मुलांना पाठवा.

टोरांटोची_सई

आमच्याकडे कॅनडात हिशेब दिवसांचा आहे. पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहिलात की दर्जा टिकतो. ते दिवस सलग असावे लागत नाहीत. पीआर (कायम रहिवासी) कार्डाशिवाय मात्र विमानात चढता येत नाही. बाहेर असताना कार्ड संपलं तर वकिलातीतून प्रवासाचा वेगळा कागद घ्यावा लागतो. मला हे जास्त न्याय्य वाटतं. आकडा समोर असतो. 'तुमचं घर नक्की कुठलं' असं कुणी विचारत बसत नाही.

पैलतीर

ऑस्ट्रेलियातही साधारण तसंच. व्हिसावर परत यायची मुभा पाच वर्षं, नंतर रेसिडेंट रिटर्न व्हिसा. पाचांतली दोन वर्षं तिथं काढली असतील तर सहज मिळतो. इंग्लंडात सलग दोन वर्षं बाहेर राहिलात की दर्जा जातो.

पण सई, आकड्याचाही जाच असतो. माझ्या आत्यानं वहीत दिवस मोजत आजारी बहिणीला सोडून विमान पकडलं होतं. बहीण पुढच्याच आठवड्यात गेली. अमेरिकेत निदान कारण ऐकून घ्यायला माणूस समोर असतो.

सांगलीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दीड वाजता हे वाचतेय आणि पहिल्यांदा पोटातला गोळा जरा सैल झालाय. तिकीट आठवडाभर अलीकडे आणलं, आता ५ नोव्हेंबर. सर्जननी पत्र द्यायचं कबूल केलंय.

एक गोष्ट आधी लिहिली नव्हती, आता लिहिते. बाबांची तासगाव तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की ते इकडं न्यू जर्सीत असले तरी मनानं बागेत असतात. पहाटे उठून व्हिडिओ कॉलवर डोळे किती फुटले ते मोजतात. अधिकाऱ्यानं 'घर कुठं?' विचारलं तर बाबा काय सांगतील याची मला खरंच धास्ती आहे. खोटं त्यांना बोलता येत नाही, आणि मी त्यांना तसं शिकवणारही नाही.

देवकीनंदन

मी या धाग्यावर लिहू की नको असा विचार करत होतो. ताई, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून लिहितो आहे.

माझं वय ७८. पुण्यात राहतो. मुलानं २०१४ मध्ये आम्हा उभयतांना ग्रीन कार्ड करून दिलं. पाच वर्षं ये-जा केली. दर वेळी विमानात बसलं की हिच्या हाताला घाम सुटायचा. उतरल्यावर काय विचारतील, काय सांगायचं याची आम्ही विमानातच उजळणी करायचो. नातवंडांना भेटायचा आनंद त्या रांगेत उभं राहून निम्मा व्हायचा.

२०१९ मध्ये एका संध्याकाळी मी हिला म्हणालो, आपलं घर इथं आहे हे आपल्याला दोघांनाही माहीत आहे. मग तिथल्या माणसाला वेगळं का सांगायचं? आम्ही घरी बसून, वकिलाशी बोलून, मुलाला विश्वासात घेऊन आय-४०७ भरला आणि टपालानं पाठवला. मग पर्यटक व्हिसासाठी अर्ज केला. मुलाखतीत अधिकारीणबाईंनी विचारलं, कार्ड का सोडलंत? मी म्हणालो, मी भेटायला जातो, राहायला नाही. दहा वर्षांचा व्हिसा मिळाला.

तेव्हापासून चार महिने जातो, नातीला गणित शिकवतो, परत येतो. हिच्या हाताला आता घाम येत नाही.

फरक एवढाच की ती सही आम्ही आमच्या टेबलावर, चहा घेत केली. श्री. ठेचा यांच्या वडिलांपुढे ती थकलेल्या अवस्थेत ठेवली गेली. कागद तोच, पण त्या दोन सह्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

वऱ्हाडी_ठेचा

काका, तुमचं शेवटचं वाक्य बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

गारवा

मी वर जे लिहिलं ते मागे घेतो. सासऱ्यांशी बोललो. त्यांना आजपर्यंत कुणी विचारलं नाही हे आमचं नशीब. टॅक्सचंही काही भरलेलं नाही, भारतातली पेन्शन आणि एफडी, 'इथं उत्पन्नच नाही' म्हणून. ते चुकलं का?

फॉर्मवाली

चुकलं, पण दुरुस्त करता येतं. कायम रहिवाशाला जगभरातलं उत्पन्न इथं दाखवावं लागतं, मग ते पुण्यातल्या एफडीचं व्याज का असेना. परदेशातल्या सगळ्या खात्यांत मिळून कधीही १०,००० डॉलरच्या वर गेलं असेल तर त्याची माहिती वेगळी द्यावी लागते. आणि ग्रीन कार्ड असताना 'अनिवासी' म्हणून रिटर्न भरला तर दर्जा सोडल्याची ती आयतीच खूण ठरते. एखाद्या जाणकार सीपीएकडे, म्हणजे इथल्या सीएकडे, लवकर जा.

देवकीनंदन काका, तुमच्या वाटेनं जाणाऱ्यांसाठी एक भर घालते. गेल्या पंधरापैकी आठ करवर्षांत कार्ड असेल तर सोडताना वेगळे करनियम लागू होतात. तुम्ही पाच वर्षांत सोडलंत, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

लेक, बाबांना खोटं बोलायची गरजच नाही. गावी बाग आहे, घर आहे हे सांगितल्यानं दर्जा जात नाही. मालमत्ता कुठंही असू शकते. ते यंदा का थांबले हे खरं सांगायचं, नेहमी कुठं राहतात हेही खरं सांगायचं. वर्षातले सात-आठ महिने तुमच्याकडे असतात ही त्यांची सगळ्यात भक्कम बाजू आहे. तारखांच्या तक्त्यात २०२१ पासूनच्या सगळ्या फेऱ्या लिहा. ग्रीन कार्डवाल्यांना आय-९४, म्हणजे पाहुण्यांना मिळते ती आल्याची नोंद, मिळत नाही, पासपोर्टवरही आता दर वेळी शिक्का मारत नाहीत. आपली नोंद आपणच ठेवायची. पुढं नागरिकत्वाच्या अर्जात प्रत्येक फेरीची तारीख विचारतात.

आणि पोचले की परमिट. आय-१३१ भरताना आणि बोटांचे ठसे देताना अमेरिकेत असावं लागतं. त्यानंतर बाहेर गेलं तरी चालतं. परमिट दोन वर्षांचं असतं आणि वाढवून मिळत नाही.

मुसाफिर७१

पण परमिटानं नागरिकत्वाचं घड्याळ चालू राहत नाही, हेही लिहा. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की सलग रहिवास तुटल्याचं गृहीत धरतात, वर्ष झालं की तुटतोच.

खरं तर नागरिकत्व घेणं हाच उपाय. एकदा घेतलं की कितीही वर्षं तासगावात राहा.

पाटलीण

मुसाफिर, सत्तरीच्या शेतकऱ्याला हे सांगणं सोपं, करणं अवघड. परीक्षा आपल्या भाषेत द्यायची सवलत पंचावन्न वर्षांवरच्यांना पंधरा वर्षं कार्ड असेल तर, पन्नाशीवरच्यांना वीस वर्षं असेल तर. पाच वर्षांत गेलं तर इंग्रजीतच. त्यातून भारतीय पासपोर्ट सोडायचा, मतदान सोडायचं. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) मिळालं तरी शेतजमीन नव्यानं विकत घेता येत नाही. असलेली राहते, वारसानं येते. माझ्या वडिलांना बांधालगतची दहा गुंठे घ्यायची होती, तिथंच विषय मिटला.

सांगलीची_लेक

पोचले!

काल दुपारी उतरले. पाच तास बाहेर उभी होते, त्याबद्दल आधी लिहिते, कारण इथं पुष्कळ जण विचारत होते.

मुंबईत काउंटरवर कार्ड पाहिलं, शेवटचं कधी अमेरिकेतून निघालात विचारलं, तारीख मोजली आणि बोर्डिंग पास दिला. उतरल्यावर पहिल्या खिडकीवरच्यानं 'अकरा महिने?' म्हणून दोघांना आतल्या खोलीत पाठवलं. तिथं चाळीसेक मिनिटं थांबले. मग एका बाईंनी बोलावलं. बाबांनी दुभाषी मागितला, फोनवर हिंदी बोलणारे कुणी जोडून दिले. का थांबलात म्हटल्यावर बाबांनी तक्ता पुढं केला. बाईंनी डिस्चार्ज कार्ड पाहिलं, मार्चचं तिकीट पाहिलं. मग आईकडे बघून आता कसं चालता येतं विचारलं. आई काठी टेकून उठून उभी राहिली आणि चार पावलं चालून दाखवली. दुभाष्याला भाषांतर करायला काही उरलंच नाही.

मग तो प्रश्न आला, घर कुठं. बाबा म्हणाले, "मुलीकडे राहतो. बाग गावी आहे. आता भाऊ बघतो." बाईंनी विचारलं, कसली बाग? द्राक्षांची. त्यावर म्हणे त्या जरा हसल्या. पुढच्या वेळी जास्त दिवस जायचं असेल तर परमिट घेऊन जा म्हणाल्या आणि सोडलं. आय-४०७ चं नावही निघालं नाही. कस्टममध्ये आईनं डिंकाचे लाडू दाखवले, त्यांनी जाऊ दिले.

पाटलीण काकू, बोंबील नव्हते. पुढच्या खेपेला.

देवकीनंदन काका, तुमची पोस्ट मी बाबांना काल रात्री वाचून दाखवली. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आधी दोन वर्षांचं परमिट काढू, आईचं हाड पक्कं होऊ दे, पुढच्या दोन छाटण्या भाऊबरोबर उभं राहून करून बघतो. मग आपण घरी बसून ठरवू. त्यांनी 'घरी' म्हटलं तेव्हा कुठल्या घरी हे मी विचारलं नाही.

आज सकाळी आय-१३१ उघडून बसलोय. पहिली शंका आत्ताच आली. फॉर्मवाली, परमिट मुंबईच्या वकिलातीत घ्यायचा पर्याय दिसतोय. तो आत्ताच निवडायचा असतो का?

फॉर्मवाली

हो, फॉर्म भरतानाच. छाटणीला जायचं असेल तर निवडून टाका. आईंना सांगा, चार पावलांबद्दल वाचून आमचं अख्खं ऑफिस खूश आहे.